वनातील पाचोळा आणि शेतातील माती

हिंगोली जिल्ह्यातील सेनगाव, औंढा नागनाथ व कळमनुरी ह्या तालुक्यांत ठिकठिकाणी टेकड्या व माळराने आहेत. त्यांवर जेथे वन शिल्लक आहे, तेथे साग, धावडा, पळस, खैर, सालई, मोह व तेंदू ही झाडे आढळतात. उन्हाळ्यापूर्वी पाने गाळणारे आणि पावसाबरोबर पुन्हा हिरवे होणारे हे शुष्क पानझडी वन होय. ह्या वनाला आजवर कोणी शेणखत घातलेले नाही, युरियाचे पोते टाकलेले नाही, की नांगराचे एक तास काढलेले नाही. तरीही ज्या ठिकाणी कुऱ्हाड व वणवा ह्यांपासून त्याचे रक्षण झाले आहे, तेथे झाडे वाढतात, बी रुजते आणि पायाखालची माती भुसभुशीत लागते.

त्याच टेकडीच्या पायथ्याशी शेत असते. तेथे दरवर्षी खतांची पोती पडतात, नांगरट होते, कुळवाच्या पाळ्या होतात. तरी पाऊस पडून गेल्यावर वरची माती चोपून बसते आणि ओढ्याला गढूळ पाणी येते. मागील वर्षाइतके उत्पन्न यावे म्हणून ह्या वर्षी खत थोडे अधिक टाकावे लागते, अशी तक्रार अनेक शेतकरी करतात. खडक एक, पाऊस एक आणि ऊनही एकच असताना दोन जमिनींची अशी भिन्न स्थिती का व्हावी, ह्याचा विचार ह्या पाठात करावयाचा आहे. हा विचार केवळ ज्ञानासाठी नाही. ज्या शेतकऱ्याची सारी भिस्त पायथ्याच्या दोन-तीन एकर हलक्या जमिनीवर आहे, त्याच्या मुलाबाळांच्या हाती माती राहणार की मुरूम राहणार, हा प्रश्न त्यात गुंतलेला आहे.

खडक काय देतो आणि काय देत नाही

मराठवाड्यातील बहुतेक जमीन काळ्या अग्निजन्य खडकापासून बनली आहे. हा खडक झिजून जी माती होते, तीत कॅल्शियम, मॅग्नेशियम व लोह ही द्रव्ये पुष्कळ असतात. स्फुरद व पालाशही काही प्रमाणात असतात. परंतु वनस्पतीच्या देहाला जी दोन द्रव्ये मुख्यत्वे लागतात, ती खडकात जवळजवळ नसतात. त्यांपैकी पहिले द्रव्य कर्ब आणि दुसरे नत्र होय.

ही दोन्ही द्रव्ये हवेतून येतात. हवेतील कर्बवायू, म्हणजेच कार्बन डाय-ऑक्साइड, पाने सूर्यप्रकाशात शोषून घेतात आणि त्यापासून लाकूड, पान, फूल व फळ बनते. हवेतील नत्र मात्र झाडाला थेट घेता येत नाही. बाभूळ, खैर, तूर, सोयाबीन ह्यांसारख्या वनस्पतींच्या मुळांवरील गाठींत राहणारे जीवाणू आणि मातीतील काही स्वतंत्र जीवाणू ते स्थिर करतात. एकदा मातीत आलेला नत्र तेथे टिकतो तो मुख्यतः सेंद्रिय पदार्थाच्या रूपाने. मातीतील एकूण नत्रापैकी नव्वद टक्क्यांहून अधिक नत्र सेंद्रिय स्वरूपात असतो. म्हणून सेंद्रिय कर्ब घटला की नत्राचा साठाही घटलाच, असे समजावे.

येथे एका गैरसमजाचा उल्लेख करणे अवश्य आहे. माती काळी आहे म्हणजे ती सेंद्रिय पदार्थाने समृद्ध आहे, असे अनेकांना वाटते. काळ्या मातीचा रंग तीतील चिकणमाती, खनिजे व थोडासा ह्यूमस ह्यांच्या संयोगाने आलेला असतो. रंगाने काजळासारख्या असलेल्या जमिनीतही सेंद्रिय कर्ब अर्ध्या टक्क्यापेक्षा कमी असू शकतो. तसेच आपल्या जमिनीत आढळणाऱ्या चुनखडीच्या खड्यांतही कर्ब असतो. पण तो खनिज कर्ब आहे. जीवाणूंना त्यापासून अन्न मिळत नाही आणि पिकाला नत्र मिळत नाही. ह्या पाठात कर्ब हा शब्द येईल तेथे सेंद्रिय कर्बच अभिप्रेत आहे.

वनाचा वार्षिक जमाखर्च

वनात वर्षभर काय घडते ते क्रमाने पाहू. हिवाळा संपत आला की साग, धावडा इत्यादी झाडे पाने गाळू लागतात. पान गळण्यापूर्वी झाड त्यातील नत्र, स्फुरद व पालाश ह्यांचा बराचसा भाग परत काढून खोडात व फांद्यांत साठविते. जाणत्या गृहिणीने पाहुणे जाताच भांडी आवरून फडताळात ठेवावी, तसाच हा प्रकार होय. कॅल्शियम मात्र पानातच राहतो. त्यामुळे सागाच्या पाचोळ्यातून मातीच्या वरच्या थराला दरवर्षी कॅल्शियम मिळत जातो. झाडाची खोल मुळे खालच्या मुरुमातून ही द्रव्ये वर आणतात, पान ती जमिनीवर सोडते आणि अशा रीतीने खालचे द्रव्य वर येते.

उन्हाळाभर हा पाचोळा जमिनीवर अंथरलेला असतो. त्यामुळे माती तापत नाही आणि तीतील ओल टिकते. पावसाचा पहिला टपोरा थेंब मातीवर न पडता पानावर पडतो. म्हणून मातीचे कण उडत नाहीत व त्यांची छिद्रे बुजत नाहीत. पाणी पानांच्या थरातून सावकाश खाली झिरपते. वनातून येणाऱ्या ओहोळाचे पाणी पायथ्याच्या शेतातून येणाऱ्या पाण्यापेक्षा नितळ असते, त्याचे कारण हेच होय.

मृगाचा पाऊस झाला की कुजण्याची क्रिया वेगाने सुरू होते. वाळवी, गांडुळे व लहान कीटक पाने कुरतडून बारीक करतात. बुरशी व जीवाणू त्यांवर वाढतात. पानातील कर्बाचा मोठा भाग ते श्वसनासाठी वापरतात आणि तो कर्बवायूच्या रूपाने हवेत परत जातो. थोडा भाग चिवट, काळसर अशा ह्यूमसच्या रूपाने मातीच्या कणांना चिकटून राहतो. ह्याच वेळी पानातील नत्र, स्फुरद व इतर द्रव्ये सुटी होतात. ह्याच वेळी झाडांची बारीक मुळेही वाढीला लागलेली असतात. त्यांच्या भोवतीची उपयुक्त बुरशी ही द्रव्ये टिपून मुळांना देते. अन्न तयार होण्याची वेळ आणि ते खाणाऱ्याची भूक लागण्याची वेळ एकच असल्यामुळे वाया फारसे काही जात नाही.

पाचोळ्याइतकीच महत्त्वाची गोष्ट मुळांची आहे. दरवर्षी असंख्य बारीक मुळे मरतात व नवी येतात. मेलेली मुळे मातीच्या आतच कुजतात आणि खोलवर कर्ब पोचवितात. हे काम डोळ्यांना दिसत नाही म्हणून आपण ते हिशेबात धरीत नाही.

ह्या साऱ्या व्यवहाराला अन्नद्रव्यांचे चक्र म्हणतात. वन श्रीमंत असते ते फार मोठी मिळकत असल्यामुळे नव्हे, तर घेतलेले सर्व परत करीत असल्यामुळे. तेच नत्र व तोच स्फुरद वर्षानुवर्षे पानातून मातीत आणि मातीतून पानात फिरत राहतो.

शेतात चक्र कोठे तुटते

शेत हे वनासारखे असू शकत नाही. आपण शेत करतो ते धान्य घरी नेण्यासाठी व विकण्यासाठी. म्हणून काही द्रव्ये शेताबाहेर जाणारच. परंतु चक्र चार ठिकाणी तुटते आणि त्यांपैकी तीन ठिकाणी ते जोडता येण्यासारखे आहे.

पहिली तूट पिकाच्या विक्रीची. सोयाबीनच्या दाण्यात सुमारे चाळीस टक्के प्रथिने असतात. म्हणजे शंभर किलो दाण्यांत सहा किलोंच्या आसपास नत्र असतो. एकरी आठ क्विंटल सोयाबीन बाजारात गेले, तर त्याबरोबर सुमारे ४८ किलो नत्र गेला. त्यातील बराच भाग मुळांवरील गाठींनी हवेतून घेतलेला असतो हे खरे. पण स्फुरद व पालाश हवेतून येत नाहीत. ते जमिनीतूनच जातात. ही तूट टाळता येत नाही, ती खताने भरून काढावी लागते.

दुसरी तूट जाळण्याची. पऱ्हाट्या, तुराट्या, धसकटे, उसाचे पाचट, बांधावरचे गवत हे शेत साफ करण्याच्या नावाखाली पेटविले जाते. जाळल्याने कर्ब जवळजवळ सर्व आणि नत्र व गंधक ह्यांचा मोठा भाग धुराबरोबर उडून जातो. मागे राखेत पालाश, स्फुरद व कॅल्शियम राहतात; पण ती राख उघड्या जमिनीवर असल्याने वळवाच्या पावसाने व वाऱ्याने निघून जाते. जाळल्याने जमीन सुपीक होते हा समज राखेमुळे मिळणाऱ्या तात्पुरत्या जोरावरून झालेला आहे.

तिसरी तूट वारंवार नांगरण्याची. नांगरट केली की मातीत हवा खेळते, ढेकळांच्या आत सुरक्षित असलेला सेंद्रिय पदार्थ उघडा पडतो आणि जीवाणू तो झपाट्याने संपवितात. आपल्याकडील उन्हाळ्यात ही क्रिया थंड प्रदेशापेक्षा पुष्कळ वेगाने होते. नांगरलेल्या जमिनीत पीक जोमाने येते, त्याचे एक कारण असे की आपण साठविलेले भांडवल खर्च करीत असतो. व्याजावर जगणे निराळे आणि मुद्दल मोडून जगणे निराळे.

चौथी तूट धुपेची. पावसाने प्रथम वाहून जाते ती वरची, हलकी, सेंद्रिय पदार्थाने युक्त अशी माती. कयाधू नदी हिंगोली शहराजवळून वाहत जाऊन पेनगंगेला मिळते. पावसाळ्यात तिच्या पाण्याला जो मातकट रंग येतो, तो कोणाच्या तरी शेताचा वरचा थर असतो.

कर्बाचा हिशेब

शेतकऱ्याला हिशेब समजतो. म्हणून कर्बाचाही हिशेब मांडून पाहू. पुढील आकडे ढोबळ मानाचे आहेत, पण दिशा दाखविण्यास ते पुरेसे आहेत.

एक एकर जमिनीच्या वरच्या १५ सेंटिमीटर मातीचे वजन सुमारे आठ लाख किलो भरते. माती परीक्षणात सेंद्रिय कर्ब ०.५० टक्के आला, तर ह्या थरात ४,००० किलो कर्ब आहे असे झाले. ह्यूमसमध्ये दहा ते बारा भाग कर्बामागे एक भाग नत्र असतो. म्हणजे त्या कर्बाबरोबर सुमारे ३५० ते ४०० किलो नत्र जमिनीत साठवलेला आहे. ह्या साठ्याचा दोन टक्के भाग वर्षाला कुजतो असे धरले, तर ७ ते ८ किलो नत्र पिकाला कोणत्याही पोत्याशिवाय मिळतो. परंतु त्याच वेळी ८० किलो कर्ब साठ्यातून कमी होतो.

हे ८० किलो परत कसे भरावेत? वाळलेल्या काडीकचऱ्यात सुमारे ४० टक्के कर्ब असतो. एक टन काडीकचरा मातीत गेला तर ४०० किलो कर्ब गेला. त्यातील बहुतेक कर्ब वर्षभरात हवेत जातो आणि शंभरातील पंधराच्या आसपास भाग ह्यूमस म्हणून टिकतो. म्हणजे एका टनामागे ६० किलोंची जमा होते. ह्या हिशेबाने ८० किलोंची तूट भरण्यासाठी दर एकरी दरवर्षी सुमारे तेरा क्विंटल कोरडा सेंद्रिय पदार्थ मातीत गेला पाहिजे. तो गेला तर जमीन आहे तेथेच राहील. कर्ब ०.५० वरून ०.६० टक्क्यांवर न्यावयाचा असेल, तर आणखी ८०० किलो कर्ब टिकला पाहिजे. त्यासाठी वरील तेरा क्विंटलांशिवाय एकूण तेरा टनांहून अधिक पदार्थ लागेल. दरवर्षी एक टन जादा घातला तर हे काम तेरा-चौदा वर्षांचे आहे.

ह्या हिशेबातून दोन गोष्टी कळतात. एक अशी की एका हंगामात कर्ब दुप्पट करून देण्याचे आश्वासन देणाऱ्या कोणत्याही पुडीवर वा बाटलीवर विश्वास ठेवू नये. दुसरी अशी की आठ क्विंटल सोयाबीन देणाऱ्या एकरात जवळजवळ तेवढेच, किंबहुना थोडे अधिक, भुसकट निघते; शिवाय काढणीपूर्वी गळालेली पाने व जमिनीतील मुळे असतात. म्हणजे पीक स्वतःच आपल्या जमिनीची बरीचशी वार्षिक तूट भरून काढू शकते. ते भुसकट जाळले वा बांधाबाहेर फेकले, तरच जमीन उपाशी राहते. जनावरांना घातले तर शेणाच्या रूपाने परत आले पाहिजे. त्या शेणाच्या गोवऱ्या झाल्या तर चक्र पुन्हा तुटले.

वनातील पाचोळा शेतात आणावा काय

वरील माहिती ऐकून कोणी म्हणेल की मग वनातील पाचोळाच गाड्या भरून शेतात आणावा. हा विचार वरवर सोपा वाटतो, पण तो हिताचा नाही. चांगल्या दाट पानझडी वनात वर्षाला हेक्टरी चार ते सहा टन, म्हणजे एकरी सुमारे दोन टन, पाचोळा पडतो. विरळ झालेल्या वनात त्याहून बराच कमी पडतो. म्हणजे एक एकर शेताची वार्षिक तूट भरण्यासाठी जवळजवळ एक एकर वन दरवर्षी उघडे करावे लागेल. शेतांच्या मानाने वन थोडे आहे. दोन-चार वर्षांत टेकडीवरील माती उघडी पडेल, पाणी मुरण्याचे थांबेल आणि पायथ्याच्या विहिरींना त्याचा फटका बसेल. एकाच्या ताटातील भाकरी दुसऱ्याच्या ताटात वाढल्याने घरातील भाकरी वाढत नाही.

कोकणात व सह्याद्रीच्या पट्ट्यात भाताच्या रोपवाटिकेसाठी राब भाजण्याची जुनी रीत आहे. झाडांच्या फांद्या, पाला, गवत व शेण वाफ्यावर पसरून जाळतात. त्यात तण मरते व राखेतील द्रव्ये रोपांना मिळतात. परंतु ती द्रव्ये वनाच्या व माळाच्या खात्यातून आलेली असतात आणि कर्ब व नत्र तर कोणाच्याच पदरात पडत नाही.

वणव्याची गोष्ट ह्याहून गंभीर आहे. मोहाची फुले वेचणे सोपे जावे, तेंदूला नवा पाला फुटावा किंवा गवत लवकर यावे, अशा समजुतीने काही ठिकाणी उन्हाळ्यात पाचोळा पेटविला जातो. एका दुपारच्या आगीत वर्षभराचा कर्ब व नत्र उडून जातो, रोपे जळतात आणि पहिल्याच पावसात राखेसह उघडी माती वाहून जाते. भारतीय वन अधिनियम, १९२७ अन्वये राखीव वनात आग लावणे हा गुन्हा आहे. परंतु कायद्याच्या भीतीपेक्षा आपल्याच शेतावर येणाऱ्या पाण्याचा व मातीचा विचार करून गावाने वणव्यास आळा घालणे अधिक इष्ट होय.

वनाकडून आणावयाची ती त्याची रीत, त्याचा पाचोळा नव्हे.

ह्या रीतीचे दोन अभ्यासक

ही रीत शेतावर आणण्याचे प्रयत्न आपल्या परिसरातच झालेले आहेत. इंग्रज कृषिशास्त्रज्ञ सर अल्बर्ट हॉवर्ड हे १९२४ ते १९३१ ह्या काळात इंदूर येथील वनस्पती उद्योग संस्थेचे संचालक होते. वनाची भूमी आपले खत आपणच तयार करते, हे पाहून त्यांनी काडीकचरा, शेण, मूत्रमिश्रित माती व राख ह्यांचे थर देऊन, ते वेळोवेळी उलथून कंपोस्ट करण्याची पद्धत बसविली. ती इंदूर पद्धत म्हणून सर्वत्र प्रसिद्ध झाली.

पुढे आपल्या जिल्ह्याच्या शेजारीच, पेनगंगेपलीकडे यवतमाळ जिल्ह्यातील पुसद येथे, ना. दे. पांढरीपांडे ह्यांनी, ज्यांना लोक नाडेपकाका म्हणत, कमी शेणात अधिक खत करण्याची पद्धत विकसित केली. तीच नाडेप पद्धत होय. हिच्यासाठी दहा फूट लांब, सहा फूट रुंद व तीन फूट उंच असे विटांचे टाके जमिनीवर बांधतात आणि हवा खेळावी म्हणून भिंतींत छिद्रे ठेवतात. प्रथम सहा इंच काडीकचरा, म्हणजे सुमारे शंभर किलो. त्यावर चार किलो शेण सव्वाशे ते दीडशे लिटर पाण्यात कालवून शिंपडावे. त्यावर पन्नास ते साठ किलो चाळलेली कोरडी माती पसरावी. असे थर टाके भरून वर दीड फुटापर्यंत झोपडीच्या आकाराचे रचावेत आणि मातीने व शेणकाल्याने लिंपून घ्यावे. पंधरा-वीस दिवसांनी ढीग खाली बसला की पुन्हा भरून लिंपावे. ओल कमी झाल्यास पाणी शिंपडावे व भेगा बुजवाव्यात. तीन ते चार महिन्यांत खत तयार होते. एका टाक्याला सुमारे चौदाशे ते पंधराशे किलो काडीकचरा लागतो. शेण मात्र शंभर किलोंच्या आत पुरते. ज्या घरी आता एकच गाय उरली आहे, त्या घरी ही पद्धत विशेष उपयोगी आहे.

शेतात चक्र कसे जोडावे

१. काडीकचरा जाळू नये. सोयाबीनचे भुसकट जनावरांना लागेल तेवढे राखून उरलेले नाडेप टाक्यात किंवा हळदीसारख्या पिकाच्या ओळींत आच्छादन म्हणून वापरावे. वसमत भागातील हळद उत्पादकांनी वाळलेला पालाही टाकून देऊ नये. मात्र रोगट पाला व कंद शेतात ठेवू नयेत.

२. पऱ्हाट्या व तुराट्या ह्यांचे तुकडे करूनच कुजवावेत. ह्या पदार्थांत कर्ब पुष्कळ व नत्र थोडा असतो. कर्बाचे पंचवीस-तीस भाग खाताना जीवाणूंना एक भाग नत्र लागतो. काडीत तो पुरेसा नसला तर ते मातीतील नत्र ओढून घेतात आणि पीक पिवळे पडते. म्हणून न कुजलेली काडी पेरणीच्या तोंडावर मातीत गाडू नये. आधी कुजवावी, किंवा वरच आच्छादन म्हणून ठेवावी.

३. बांधावर गिरिपुष्प लावावा. पावसाळ्याच्या सुरुवातीस ह्याची फाटी किंवा रोपे लावता येतात. ही शेंगवर्गीय वनस्पती असून तिच्या वाळलेल्या पानांत सुमारे तीन टक्के नत्र असतो. झाड जोमदार झाल्यावर वर्षातून दोन-तीन वेळा छाटून कोवळा पाला पिकात टाकावा किंवा पऱ्हाट्यांबरोबर टाक्यात मिसळावा. त्याने कुजण्यास गती येते. आपल्या बांधावरचे हे छोटे वनच समजावे.

४. नांगरट गरजेपुरती करावी. दरवर्षी खोल नांगरणी व वारंवार फणणी करण्याचे टाळावे. पेरणी व मशागत उताराला आडवी करावी. रुंद वरंबा-सरी पद्धतीने सोयाबीन पेरल्यास जादा पाणी सरीतून निघते व कमी पावसात ओलही टिकते.

५. शेणखत शेतात नेल्यावर उन्हात पसरून ठेवू नये. लगेच मातीत मिसळावे. वनात अन्न पावसाबरोबर सुटे होते, त्याप्रमाणे खतही पावसाच्या तोंडावर, पेरणीपूर्वी जाईल असे पाहावे.

६. हलक्या, मुरमाड जमिनीत तलावातील गाळ टाकावा. हा गाळ म्हणजे आपल्याच शेतांतून वाहून गेलेली माती असते. २०१७ साली राज्य शासनाने गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार ही योजना ह्याच हेतूने सुरू केली. भारी काळ्या जमिनीत मात्र निचरा बिघडू नये म्हणून गाळ टाकू नये. गाळाने मातीचा थर वाढतो. सेंद्रिय खताची गरज त्याने संपत नाही.

७. रासायनिक खते सोडावीत असे ह्या पाठाचे म्हणणे नाही. विकलेल्या धान्याबरोबर गेलेला स्फुरद व पालाश भरून काढावाच लागतो. सेंद्रिय पदार्थ असलेल्या जमिनीत हीच खते अधिक उपयोगी पडतात, कारण ती धरून ठेवणारे हात मातीत असतात.

गावात करून पाहण्याचा प्रयोग

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी हा प्रयोग शेतकऱ्यांच्या समक्ष करून दाखवावा. बराच काळ नांगर न लागलेल्या, गवताखालील बांधाच्या मातीचे एक लहान ढेकूळ घ्यावे आणि त्याच शेताच्या मध्यातून तेवढेच दुसरे घ्यावे. दोन्ही ठिकाणची माती मूळची एकाच जातीची असावी, नाहीतर तुलना चुकेल. दोन्ही ढेकळे सावलीत चांगली वाळवावीत. दोन काचेच्या पेल्यांत स्वच्छ पाणी भरून जाळीच्या चाळणीवर एकेक ढेकूळ अलगद बुडवावे आणि काही मिनिटे पाहत राहावे. ज्या मातीत ह्यूमस व मुळांचे धागे आहेत, ते ढेकूळ अधिक वेळ सावरून धरते व पाणी कमी गढूळ होते. ज्या मातीतील ते सरले आहे, ते लवकर विरघळून तळाशी बसते. पेल्यात जे घडते तेच पहिल्या पावसात शेतात घडते, हे शेतकऱ्याला वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

ह्याबरोबर मृदा आरोग्य पत्रिकेतील सेंद्रिय कर्बाचा आकडाही वाचून दाखवावा. ही पत्रिका देण्याची योजना २०१५ साली सुरू झाली. सर्वसाधारणपणे ०.५० टक्क्यांखालील कर्ब कमी, ०.५० ते ०.७५ मध्यम आणि त्यावरील भरपूर समजतात. नमुना पीक निघाल्यावर, खत टाकण्यापूर्वी, शेतात अनेक ठिकाणांहून १५ सेंटिमीटर खोलीपर्यंत घ्यावा. बांधाजवळून, झाडाखालून किंवा उकिरड्याच्या जागेतून घेऊ नये. एका वर्षाच्या आकड्यावरून निराश होऊ नये वा हुरळूनही जाऊ नये. तीन-चार वर्षांनी त्याच शेताचा, त्याच ऋतूत, त्याच रीतीने नमुना घेऊन मगच तुलना करावी.

वनाने आपली माती शेकडो वर्षांत, एकेका पानाने घडविली आहे. शेतकऱ्याजवळ तेवढा काळ नाही. पण त्याच्याजवळ हात आहेत, हिशेबाची बुद्धी आहे आणि जाळून टाकण्याऐवजी परत देण्यासारखे बरेच काही आहे. येत्या हंगामात काडीपेटी बाजूला ठेवून शेताच्या कडेला एक टाके भरले, तर चक्राचा पहिला तुटलेला दुवा जोडला गेला असे समजावे.